मिरगीचा इलाज गावातच व्हायला हवा

नंदुरबार जिल्ह्यातल्या ब्राह्मणपुरीसारख्या गावात कुणाला पहिल्यांदा झटका येतो, तेव्हा त्या घराची पुढची वाट जवळपास ठरलेली असते. आधी नाकाशी कांदा, मग अंगारा, मग दोरा-मंत्र करणाऱ्या भगताचं किंवा बडव्याचं घर. झटके थांबले नाहीत की शहादा, शहाद्याहून नंदुरबार किंवा धुळे, आणि उसनवारीला कुणी उभं राहिलं तर सुरत. या वाटेवर कुठेतरी मेंदूचा फोटो निघतो, डोक्याला वायरी लावून आलेख निघतो, महिन्याभराच्या गोळ्यांची चिठ्ठी मिळते. गोळ्या संपतात. एवढ्याशा गोळ्यांसाठी पुन्हा मजुरी बुडवून तेवढ्या लांब कोण जाणार, या प्रश्नापाशी उपचार थांबतो आणि झटके परत सुरू होतात.

ही वाट उलटी आहे, असं माझं म्हणणं आहे. मिरगी म्हणा, फेफरं म्हणा, आकडी म्हणा, हा आजार ओळखायला जे सर्वांत जास्त लागतं ते गावातच असतं: झटका डोळ्यांनी पाहिलेला माणूस. आणि बहुतेक रुग्णांना बरं ठेवणारी गोष्ट गावात सहज ठेवता येते: रोजची एक स्वस्त गोळी. मोठ्या शहरातला मेंदूविकारतज्ज्ञ लागतोच, पण तिघांतल्या एखाद्यासाठी. उरलेल्या दोघांना आपण विनाकारण शंभर-दीडशे किलोमीटर पळवतो, आणि पळून दमले की त्यांना वाऱ्यावर सोडतो.

हे किती लोकांचं दुखणं आहे? मुंबईतल्या पारशी समाजात १९८०च्या दशकात घरोघर जाऊन झालेली पाहणी, पुढे केरळातली मोठी पाहणी, आणि देशभरच्या अशा अभ्यासांची एकत्र मांडणी, सगळ्यांचं उत्तर हजारी पाचाच्या आसपास येतं. म्हणजे चार-पाच हजार वस्तीच्या गावात वीस-पंचवीस माणसं. देशात हा आकडा कोटीच्या घरात जातो. गावात विचारलंत तर बहुधा दोन-तीन नावंच पुढे येतील, ज्यांना बाजारात, शाळेत, लग्नात सगळ्यांदेखत झटका आला त्यांची. बाकीचे घरात असतात. त्यांत लग्नाच्या वयाच्या मुली जास्त, हे सांगायला पाहणीची गरज नाही.

झटका म्हणजे मेंदूतल्या पेशींच्या समूहाने अचानक, एकाच वेळी, ताबा सुटल्यासारखा विद्युत्संदेश सोडणं. तो मेंदूच्या एका कोपऱ्यात राहिला तर फक्त एक हात थरथरतो, किंवा माणूस ओठ चाटत, कपडे चिवडत शून्यात बघत बसतो. सगळ्या मेंदूत पसरला तर माणूस कोसळतो, ताठ होतो, आचके देतो. मात्र झटका आला म्हणजे मिरगी झाली असं नाही, आणि घोळ इथूनच सुरू होतो. सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलाला तापात झटका येतो, आईबापांच्या तोंडचं पाणी पळतं, पण यातल्या बहुतेक मुलांना पुढे मिरगी होत नाही. रोज मोहाची दारू पिणारा माणूस दारू अचानक बंद झाली की दोन दिवसांत आचके देऊ शकतो. कपाशीवर औषध फवारून आलेला माणूस विषबाधेने झटके देतो. आणि गरोदर बाईला किंवा ओल्या बाळंतिणीला झटका आला, तर तिचा रक्तदाब पाहायला एक मिनिटही उशीर चालत नाही. तो गरोदरपणातल्या वाढलेल्या रक्तदाबाचा झटका असू शकतो, त्यावर मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन आहे, आणि त्या वेळी अंगारा लावत बसणं म्हणजे दोन जीव गमावणं.

डॉक्टरांच्या व्याख्येत मिरगी म्हणजे असं कुठलंही तात्कालिक कारण नसताना, चोवीस तासांपेक्षा जास्त अंतराने आलेले दोन झटके. किंवा एकच झटका, पण पुन्हा येण्याची शक्यता फार मोठी. या व्याख्येत यंत्राचं नाव कुठे नाही. झटके आले का, किती, कसे, कशातून, एवढंच त्यात विचारलं आहे. म्हणजे निदान हे ऐकण्याचं काम आहे.

ते ऐकणं कसं असतं हे जवळून पाहण्यासारखं आहे. समजा, सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला घेऊन आई आली आहे. आई म्हणते, पोरगी पडली, आचके दिले, डोळे फिरवले. घाईतला डॉक्टर इथेच चिठ्ठी लिहायला लागतो. जाणता डॉक्टर विचारतो: पडली तेव्हा उभी होती की बसलेली? उन्हात होती, उपाशी होती, डोळ्यांपुढे अंधारी आली असं म्हणाली का? चेहरा पांढरा पडला की निळसर? डोळे उघडे होते की घट्ट मिटलेले? कुठला हात आधी वाकला, मान कुठल्या बाजूला वळली? जीभ चावली का, चावली तर शेंड्याला की कडेला? कपड्यांत लघवी झाली का? शुद्धीवर आली तेव्हा लगेच ओळखून बोलली, की अर्धा तास गुंगीत, भलतंच बोलत, डोकं धरून पडून होती? चेहरा पांढराफटक, घाम, दोन-चार हिसके आणि मिनिटभरात हुशार, ही बहुतेक वेळा साधी भोवळ. कडेने चावलेली जीभ, निळसर चेहरा आणि नंतरची लांब गुंगी ही मिरगीकडे बोट दाखवते. डोळे गच्च मिटून पाऊण तास चाललेलं थरथरणं अनेकदा मनातल्या ताणाचं असतं. त्याला ढोंग म्हणणं हा त्या मुलीवर दुहेरी अन्याय आहे, आणि मिरगीच्या गोळ्या देणं हा तिसरा.

मग डॉक्टर एक प्रश्न विचारतो जो आईने मनात आणलेलाच नसतो: सकाळी उठल्या उठल्या हिच्या हातातून कप, तांब्या उडतो का? आई चमकते. ‘हो, रोज काही ना काही पाडते, वेंधळी आहे.’ तो वेंधळेपणा नसतो. पौगंडात सुरू होणाऱ्या मिरगीच्या एका नेहमीच्या प्रकारात सकाळी खांदे-हात असेच दचकतात. हे एकदा कळलं की औषधाची निवड बदलते, कारण एरवी चांगली असलेली कार्बामाझेपिन आणि फेनिटॉइन ही औषधं या प्रकारात दचके वाढवू शकतात. हा एक प्रश्न विचारायला पैसा लागत नाही, पण पाच मिनिटं लागतात, आणि आईला तिच्या भाषेत बोलू द्यावं लागतं. शहाद्याच्या या पट्ट्यात ती भाषा अहिराणी असेल, गुजरी असेल, भिली किंवा पावरी असेल. सुरतेच्या दवाखान्यात ती मुकी होते. गावच्या आशाताईपुढे सगळं सांगते. निदानाची ताकद कुठे आहे ते इथे दिसतं.

शाळेतल्या लहान झटक्यांचंही तसंच. मूल धडा वाचता वाचता दहा-पंधरा सेकंद थांबतं, पापण्या फडफडतात, मग काही न झाल्यासारखं पुढे वाचतं. गुरुजींना वाटतं लक्ष नाही. दिवसातून वीस-तीस वेळा असं झालं की मूल मागे पडतं, मार खातं, आश्रमशाळेतून नाव कमी होतं. याची तपासणी इतकी साधी आहे की लोकांना खरी वाटत नाही: मुलाच्या हातात कागदाची भिंगरी द्यायची आणि दोन-तीन मिनिटं जोरजोरात फुंकायला सांगायचं. त्या प्रकारची मिरगी असेल तर फुंकता फुंकता मूल थबकतं, नजर थिजते, भिंगरी थांबते. समोर बसलेल्या आईला डॉक्टरने काही समजावून सांगावं लागत नाही.

आणि आता तर प्रत्येक घरात साक्षीदार आहे. झटका येताच एकाने रुग्णाला सांभाळावं आणि दुसऱ्याने मोबाइलवर चित्रण करावं. पूर्वी डॉक्टर आयुष्यभरात मोजकेच झटके स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे. आता रुग्णाच्या खिशात ते येतात. चांगल्या चित्रणाचं एक मिनिट अनेकदा मोठ्या तपासणीपेक्षा जास्त सांगतं, आणि ते नंदुरबारच्या, मुंबईच्या तज्ज्ञाला त्याच दिवशी दाखवता येतं.

तपासण्यांविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरने १९२०च्या दशकात माणसाच्या मेंदूतला विद्युतप्रवाह पहिल्यांदा कागदावर उतरवला, ती वैद्यकातली मोठी झेप होती. पण आलेख निघतो तो अर्ध्या तासाचा, आणि झटका येतो महिन्यातून एकदा. खऱ्या मिरगीच्या सुमारे निम्म्या रुग्णांत पहिला आलेख चांगला येतो. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ हे ऐकून घर सुटकेचा श्वास सोडतं आणि गोळ्या बंद करतं. उलट, ज्यांना कधी झटका आला नाही अशा काही थोड्यांच्या आलेखात बिघाड दिसतो. आलेख मिरगीचा प्रकार ठरवायला मदत करतो; मिरगी आहे की नाही हे एकट्याने ठरवत नाही. मेंदूचा फोटो काही रुग्णांत हवाच: झटका शरीराच्या एका बाजूने सुरू होत असेल, मोठ्या वयात पहिल्यांदा आला असेल, हातापायात कमजोरी राहिली असेल. पण बकऱ्या विकून फोटो काढायचा आणि नंतर वर्षभराच्या गोळ्यांना पैसा उरू नये, हा हिशेब चुकीचा आहे. फोटोने झटके थांबत नाहीत. गोळीने थांबतात.

फोटोची खरी गरज जिथे पडते असं एक कारण आपल्या देशात फार आहे. डुकराच्या फीतकृमीची अंडी माणसाच्या पोटात गेली की त्यांतली अळी मेंदूत जाऊन बसते, तिथे गाठ धरते आणि झटके सुरू होतात. आम्ही शाकाहारी, आम्हाला कसं होईल, असं घरचे विचारतात. ही अंडी मांसातून येत नाहीत. फीतकृमी असलेल्या माणसाच्या विष्ठेतून पाण्यात, मातीत, न धुतलेल्या भाजीवर येतात. म्हणून माळकऱ्यालाही हा आजार होतो. हा आजार जिथे पसरलेला आहे तिथल्या मिरगीपैकी साधारण तीस टक्क्यांमागे हेच कारण असतं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे संडास वापरणं, डुकरं मोकळी न सोडणं, हात धुणं हाच इथे मिरगीचा प्रतिबंध. सातपुड्यातली दुसरी कारणंही अशीच टाळता येण्याजोगी आहेत. धडगाव-मोलगीच्या पाड्यांवरून बाळंतीण झोळीत घालून खाली आणेपर्यंत बाळ गुदमरतं, आणि त्या बाळाला पुढे झटके येतात. सिकलसेल हा रक्ताचा आजार असलेल्या मुलाच्या मेंदूचा रक्तपुरवठा अडू शकतो आणि तिथून झटके येतात. हेल्मेटशिवाय मोटरसायकलवरून पडलेल्या तरुणाचंही तेच.

भगताविषयी बोलायला हवं, आणि तुच्छतेने नको. मिरगीचा झटका बहुतेक वेळा एक-दोन मिनिटांत आपोआप थांबतो. त्या दोन मिनिटांत जो काही करेल त्याला श्रेय मिळतं: कांदा हुंगवणाऱ्याला, चप्पल हुंगवणाऱ्याला, हातात लोखंडी किल्ली देणाऱ्याला, मंत्र म्हणणाऱ्याला. पुढचा झटका महिन्याने येणार असतो. तो महिना दोरा बांधणाऱ्याच्या खात्यावर जमा होतो. लोक मूर्ख नाहीत. हा आजार येतो-जातो, आणि येण्याजाण्यात तो पाहणाऱ्याला फसवतो. ‘पवित्र आजार’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या रोगात पवित्र काही नाही, तो मेंदूतून येतो, असं हिपोक्रेटिसच्या परंपरेतल्या ग्रंथाने सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी लिहिलं. आपल्याकडे चरकसंहितेतही अपस्माराची गणना रोगांत आहे, त्याचं निदान आहे, चिकित्सा आहे. तरीही समजूत टिकली, कारण तिला दर महिन्याला नवा पुरावा मिळत राहिला.

हाच फसवेपणा गोळीच्याही मुळावर येतो, आणि हे मला भगतापेक्षा जास्त काळजीचं वाटतं. गोळी सुरू केली, चार महिने झटका नाही, घर म्हणतं बरा झाला. गोळी बंद होते. एकदम बंद केल्याने झटके एकामागून एक, शुद्धीवर न येता येऊ लागतात आणि जीवावर बेततं. मग गाव म्हणतं, ‘गोळीनेच बिघडला.’ झटका न येणं हाच गोळीचा परिणाम आहे, हे कुणीतरी दर महिन्याला घरी येऊन सांगावं लागतं. किमान दोन वर्षं एकही झटका नसेल तरच, आणि तेही डॉक्टरच्या सल्ल्याने, हळूहळू कमी करत गोळी सोडता येते. काहींना ती आयुष्यभर घ्यावी लागते. रक्तदाबाची गोळीही वर्षानुवर्षं रोज घ्यावी लागते, मग हिचीच लाज का?

अघोरी प्रकारांना मात्र सूट नाही. चटके देणं, मारहाण करणं, घरातल्याच एखाद्या बाईला डाकीण ठरवणं हे गुन्हे आहेत, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ साली महाराष्ट्रात आलेला जादूटोणाविरोधी कायदा त्यासाठीच आहे. पण जो भगत फक्त दोरा बांधतो, त्याला आरोग्य केंद्राने बोलावून घ्यावं. दोरा बांध, आणि सोबत गोळीला पाठव, एवढं त्याने मान्य केलं तरी शेकडो रुग्ण आज आहेत त्यापेक्षा लवकर केंद्रात पोचतील. पहिला रुग्ण डॉक्टरच्या आधी त्याच्याकडेच जातो.

आता मुख्य मुद्दा: गावपातळीवर हा उपचार जमतो का? जमतो, आणि हे सिद्ध करून दाखवलेलं आहे. फेनोबार्बिटोन हे औषध १९१२ साली आल्फ्रेड हाउप्टमान या जर्मन डॉक्टरने मिरगीवर वापरलं. शंभर वर्षं उलटली, औषध आजही उपयोगी आणि अतिशय स्वस्त आहे. १९३८ साली फेनिटॉइन आलं. चीनच्या ग्रामीण भागात जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रकल्पात तिथल्या प्राथमिक स्तरावरच्या डॉक्टरांनी दोन हजारांहून जास्त रुग्णांना फेनोबार्बिटोन दिलं. वर्षभर उपचार घेतलेल्यांपैकी ६८ टक्के लोकांचे झटके निम्म्याने किंवा त्याहून अधिक कमी झाले. एक तृतीयांश लोकांना एकही झटका आला नाही. आणि चीनला जायचीही गरज नाही. कर्नाटकातल्या यळंदूर भागात डॉ. के. एस. मणी आणि सहकाऱ्यांनी खेड्यातल्या रुग्णांना ह्याच दोन जुन्या औषधांवर वर्षानुवर्षं सांभाळलं, आणि तो अनुभव २००१ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. महाराष्ट्रातही मुंबईच्या डॉ. निर्मल सूर्या यांच्या एपिलेप्सी फाउंडेशनने जिल्ह्याजिल्ह्यांत शिबिरं घेतली आहेत. शिबिराचं मोल मोठं आहे. पण शिबिर एका दिवसाचं असतं आणि गोळी रोजची. शिबिरात झालेलं निदान दुसऱ्या दिवसापासून कुणाच्या हाती सोपवायचं, हा प्रश्न प्राथमिक आरोग्य केंद्रापाशीच येऊन थांबतो.

तज्ज्ञांचा आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो हलका नाही. केंद्रातला नवखा डॉक्टर भोवळीला मिरगी म्हणेल, ज्याला गोळी नको त्याला वर्षानुवर्षं देईल. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन यांनी काहींच्या अंगावर पुरळ उठतं, क्वचित ते जीवघेणं होतं. सगळ्यांत गंभीर गोष्ट व्हॅल्प्रोएटची. हे औषध गरोदरपणात घेतलं गेलं तर दहातल्या सुमारे एका बाळात जन्मजात व्यंग येतं, आणि त्याहून कितीतरी जास्त बाळांच्या बौद्धिक वाढीवर परिणाम होतो. ज्या जिल्ह्यात मुलींची लग्नं आजही लवकर होतात तिथे हे औषध तरुण मुलीच्या हातात विचार न करता देणं हा मोठा धोका आहे. तिच्यासाठी लेव्हेटिरासिटामसारखं औषध हवं, आणि फॉलिक ॲसिड लग्नाआधीपासून हवं.

हे सगळं मान्य. पण आक्षेपाचं उत्तर केंद्राला बाजूला ठेवणं हे नाही. केंद्राला नेमकं शिकवणं हे आहे. कुणाला इथेच औषध सुरू करायचं आणि कुणाला पुढे पाठवायचं, याची रेघ आखता येते. दोन वर्षांखालचं मूल, गरोदर बाई, एका बाजूची कमजोरी, ताप-मानदुखीसह झटका, निदानाबद्दल शंका, आणि दोन औषधं पुरेशा मात्रेत देऊनही झटके न थांबलेला रुग्ण, हे सगळे पुढे जावेत. ग्लासगोत नव्याने निदान झालेल्या रुग्णांचा एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात पहिल्याच औषधावर ४७ टक्के लोकांचे झटके थांबले, दुसऱ्यावर आणखी १३ टक्क्यांचे, त्यापुढे औषधं बदलून फारशी भर पडली नाही. म्हणून दोन औषधं हरली की तिसरी-चौथी चिठ्ठी लिहीत वर्षं घालवू नयेत. अशा काहींसाठी शस्त्रक्रिया आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत १९९५पासून मिरगीची शस्त्रक्रिया होते, मुंबईतही होते, आणि नीट निवडलेल्या रुग्णांपैकी अनेकांचे झटके तिने पूर्ण थांबतात. तज्ज्ञाचा वेळ यांच्यासाठी राखून ठेवायचा असेल, तर साध्या मिरगीची रांग त्याच्या दारातून काढायलाच हवी.

औषधं तरी केंद्रात असतात का? फेनोबार्बिटोन, फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, व्हॅल्प्रोएट, लेव्हेटिरासिटाम ही सगळी २०२२च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत आहेत. यादीत असणं आणि केंद्राच्या कपाटात असणं यातलं अंतर रुग्णाला मोजावं लागतं. तापाची गोळी आठवडाभर संपली तर माणूस कण्हतो. मिरगीची गोळी आठवडाभर संपली तर माणूस विहिरीच्या काठावर, चुलीपुढे, तापीच्या पाण्यात, ट्रॅक्टरवर कोसळू शकतो. झटके आटोक्यात नसलेल्यांना झोपेत अचानक मृत्यूचाही धोका असतो. या एका औषधाचा साठा खंडित होणं हा अपघात मानून त्याची चौकशी व्हायला हवी.

नंदुरबारमध्ये आणखी एक खंड आहे, जो मुंबईत बसून कळत नाही: स्थलांतर. दिवाळीनंतर या जिल्ह्यातली हजारो कुटुंबं ऊसतोडीला, वीटभट्टीला, गुजरातेत मजुरीला जातात. महिन्याच्या गोळ्या घेऊन गेलेला माणूस दुसऱ्या महिन्यात रिकामा असतो, आणि उसाच्या फडात त्याला गोळी कोण देणार? म्हणून दिवाळीत त्याला चार महिन्यांच्या गोळ्या आणि औषधाचं नाव-मात्रा लिहिलेलं कार्ड देऊनच निरोप द्यावा. होळीला सगळे परततात. भोंगऱ्या बाजार भरतो, काठीची राजवाडी होळी पहाटे पेटते, ढोलावर रात्रभर नाच होतो. अपुरी झोप आणि दारू ही मिरगीची दोन मोठी निमित्तं; रुग्णाने होळी करावी, पण गोळी न चुकवता, दारू टाळून आणि झोप काढून. आणि आरोग्य खात्याने मिरगीचं शिबिर घ्यायचंच तर याच आठवड्यात, बाजाराच्या गावी घ्यावं.

नवी योजना, नवं खातं, नवी भरती मी मागत नाही. सिकलसेलसाठी १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. नंदुरबारसारख्या आदिवासी जिल्ह्यांत आरोग्य कर्मचारी पाड्यापाड्यावर, शाळाशाळांत जाऊन रक्त तपासत आहेत. त्याच वहीत दोन प्रश्न वाढवावेत: या घरात कुणी शुद्ध हरपून आचके देतं का? कुणी थोडा वेळ हरवल्यासारखं होतं का, हाक मारली तरी कळत नाही असं? होय म्हणणारं प्रत्येक घर केंद्राच्या यादीत यावं. सिकलसेलला २०१६च्या अपंगत्व कायद्यात नावानिशी जागा मिळाली; मिरगीचं नाव त्या यादीत नाही. जो आजार यादीत नाही तो बैठकीत नाही, आणि बैठकीत नाही त्याचा साठा कुणी विचारत नाही.

कायद्याचा विषय निघाला म्हणून लग्नाविषयी. वारंवार मिरगी येणं हा हिंदू विवाह कायद्यात १९७६पासून वैध विवाहाच्या आड येणारा दोष होता, वेडाच्या शेजारी बसवलेला. मिरगीवर काम करणाऱ्यांच्या लढ्यानंतर १९९९ साली संसदेने तो शब्द काढला. मिरगी असाध्य नाही, मानसिक विकृती नाही आणि घटस्फोटाचं कारण होऊ शकत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२३ साली स्पष्ट केलं. पण हा कायदा अनुसूचित जमातींना लागूच नाही. तिथे जातपंच आणि रीत ठरवतात. आणि ज्यांना लागू आहे त्या घरांतही सोयरिकीआधी गोळ्या लपवल्या जातात, लग्नानंतर सासरी गोळी घेता येत नाही, आणि मुलीला पहिला झटका सासरच्या चुलीपुढे येतो. लपवण्याने लग्न टिकत नाही, गोळी तुटते. पुण्यात यशोदा वाकणकर यांनी सुरू केलेल्या ‘संवेदना’ गटाने मिरगी असलेल्यांचे वधूवर मेळावे घेतले, उघडपणे, आजार सांगून. मला हे काम कुठल्याही जनजागृतीच्या फलकापेक्षा मोठं वाटतं. इंग्लंडच्या क्रिकेट संघाचा कर्णधार म्हणून १९७६-७७ साली भारतात येऊन आपल्या प्रेक्षकांची मनं जिंकलेल्या टोनी ग्रेगला मिरगी होती, हे किती घरांत ठाऊक आहे?

वाहन परवान्याच्या अर्जावर मिरगी आहे का असा प्रश्न असतो. होय लिहिलं तर परवाना नाही. म्हणून लोक नाही लिहितात आणि मोटरसायकल चालवतात. ठरावीक काळ झटका नसलेल्यांना परवाना देण्याची पद्धत ब्रिटनसारख्या देशांत आहे. खरं सांगणाऱ्याला कायमची शिक्षा देणारा नियम रस्ता सुरक्षित करत नाही.

जागतिक आरोग्य सभेने २०२२ साली दहा वर्षांचं लक्ष्य ठेवलं: २०३१पर्यंत मिरगी असलेल्या ९० टक्के लोकांना आपला आजार काय आहे आणि त्याला उपचार आहे हे माहीत असावं, ८० टक्क्यांना परवडणारं औषध मिळावं, औषध घेणाऱ्यांपैकी ७० टक्क्यांचे झटके आटोक्यात असावेत. आपल्या खेड्यांत आज निम्म्याहून कितीतरी जास्त रुग्ण उपचाराबाहेर आहेत. नंदुरबार जिल्हा परिषदेने हे लक्ष्य तालुकावार लिहून भिंतीवर लावावं आणि दर महिन्याच्या बैठकीत एकच प्रश्न विचारावा: या महिन्यात किती रुग्णांची गोळी खंडित झाली?

आणि तुमच्यासमोर कुणी कोसळलं तर त्याला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही द्या, आजूबाजूची दगड-विळी बाजूला करा. तोंडात चमचा, पाणी, कांदा, बोट काहीही घालू नका, हातपाय दाबून धरू नका. घड्याळ पाहा. पाच मिनिटांत झटका थांबला नाही, किंवा शुद्ध न येता दुसरा आला, तर १०८ला फोन करा. शुद्ध आली की त्याच्याजवळ बसा, त्याचं नाव घेऊन बोला. मग त्याच्या घरच्यांना सांगा की झटका पाहिलेल्या माणसाला सोबत घेऊन जवळच्या आरोग्य केंद्रात जा, आणि गोळी कधी संपते ते लिहून ठेवा.